ताईंचा उजवा हात माझा होता

मी माऊस बोलतोय. डाव्या बटणाचा रंग उडालेला. तो कुणाच्या बोटानं उडाला, हे मी अभिमानानं सांगतो: तक्रारींना उत्तरं लिहिणाऱ्या आमच्या ताईंच्या.

पाच वर्षं त्यांचा उजवा हात माझा होता. कीबोर्डला दहा बोटं मिळतात म्हणून आधी माझा जळफळाट व्हायचा. पण साहेबांचा निरोप आला की ताई मलाच गच्च धरायच्या! उगाच टकटक क्लिक करायच्या, तेच पान वर-खाली करत बसायच्या. मला वाटायचं, केवढा जीव लावतात मला! जेवतानाही चमचा डाव्या हातात, उजवा माझ्यावर. कारण आमच्या ऑफिसात पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढे हिरवा ठिपका असतो. पाच मिनिटं मी हललो नाही की तो पिवळा होतो आणि साहेब विचारतात, "आहात ना जागेवर?" जेवणाची सुट्टी अर्धा तास आहे म्हणे. ती घ्यायची कुणाची छाती होत नाही.

मग ताईंचं मनगट दुखायला लागलं. डॉक्टरांनी बजावलं, "महिनाभर रोज अर्धा तास व्यायामाला जा. नाहीतर हात कामातून जाईल." व्यायाम करून घेणाऱ्या बाई समोरच्याच गल्लीत होत्या. पण ठिपक्याचं काय?

शेजारच्या टेबलावरचे दादा कुजबुजले, "अहो, काट्याचं घड्याळ आहे ना तुमच्या हातात? ते काढा, माऊस त्यावर ठेवा. खाली काटा सरकला की माऊसला वाटतं, आपणच हललो. ठिपका हिरवाच!"

झालं! मला त्या मेल्या घड्याळावर बसवलं. आधीच ते दिवसभर ताईंच्या मनगटाला बिलगलेलं. आता मलाच नाचवायला लागलं. आणि तिकडे गल्लीत माझा हात दुसरीच कुणीतरी चोळत होती! आठ दिवस मी दातओठ खात सोसलं. ताई परत यायच्या तेव्हा चेहरा हलका, माझ्यावरची पकड सैल. त्यानं तर माझं डोकंच फिरलं.

नवव्या दिवशी मी पोटाखालचा लाल डोळा मिटून घेतला. काटा फिरत राहिला, मी ढिम्म. ठिपका पिवळा झाला.

साहेब आले, त्यांनी मला उचललं, खालचं घड्याळ पाहिलं. ताई आल्यावर सगळ्यांदेखत म्हणाले, "हे काय चाललंय?"

"हात फार दुखतो, साहेब."

"हात सगळ्यांनाच आहेत, ताई."

व्यायाम बंद झाला. हात पुन्हा दिवसभर माझ्यावर. काय आनंद झाला मला! पंधरा दिवस टिकला. मग एका सकाळी ताई उजव्या हाताला पट्टा बांधून आल्या आणि त्यांनी मला उचलून डावीकडे ठेवलं.

आता मला डावा हात चालवतो. परका, अडखळणारा, वर ते घड्याळ बांधलेला. निरोप आला की उजवा हात सवयीनं माझ्याकडे येतो, कळ येते आणि अर्ध्यातून मागे जातो.

ताई, चूक माझी होती हो. मला एकदा परत त्या घड्याळावर ठेवा आणि गल्लीत जाऊन या. या वेळी मी डोळा मिटणार नाही.