न मिटणारे शिंपले

समुद्रकाठच्या तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. परातीत शंभरेक शिंपले तोंड उघडून पडले होते. सिद्धपुरुषांनी एकाला टिचकी मारली. शिंपला मिटला नाही.

"जगापुढे दार लावून घेणारा हा जीव," ते म्हणाले, "माझ्यापुढे लावत नाही. अहंकार गळाला."

लोक गहिवरले. तंबू कॉफी पावडरच्या कारखान्याने उभारला होता, फुकट कॉफीही होती. दुसरा कप घेत मीही थोडा गहिवरलो.

शिंपले होते माझ्या शेजारच्या मावशीचे. कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी तिचा मळा. चाळीस वर्षं ती शिंपले वाढवून विकते. हल्ली ते भराभर मरत होते. शाळेत विज्ञान शिकवणारी तिची सून रोज सांगे, "आई, उरलेली पिल्लं पलीकडच्या खाडीत हलवू या." सिद्धपुरुष म्हणाले होते, हलवाल तर कृपा जाईल. मावशीने हलवली नाहीत.

त्या दिवशी सून पुढे आली. पिशवीतले शिंपले तिने परातीत ओतले. "हे पलीकडच्या खाडीतले. मारा टिचकी."

ते एकेक करून कटकन मिटले.

"यांची श्रद्धा कमी पडते," सिद्धपुरुष म्हणाले.

"असेल. यांचेच भाऊबंद मी पंधरा दिवस नाल्याच्या पाण्यात ठेवले होते." तिने त्यांची बरणी पिशवीतून काढून माझ्यापुढे धरली. मी टिचकी मारली. माझ्यासारख्या नास्तिकापुढेही त्यांचा अहंकार गळालेलाच होता.

"नाल्यात कॉफीतलं कॅफिन येतं," ती म्हणाली. "आपल्याला तरतरी येते. हे रात्रंदिवस तेच पाणी गाळून जगतात. पेशी दुबळ्या होतात, मिटायचं बळ उरत नाही. हे मरायला टेकलेत."

तंबू रिकामा झाला. सिद्धपुरुष सगळ्यांच्या आधी निघाले.

मळ्यात मावशी गुडघाभर पाण्यात ओणवी होती. एकेकाला टिचकी मारी, कान देई, पुढच्याकडे वळे. मोठे मिटत नव्हते. पिल्लंही नाहीत.

"न मिटणारा शिंपला मी गिऱ्हाइकाला कधी दिला नाही," ती म्हणाली. "बघताक्षणी फेकते. आणि तिथे परातभर बघून हात जोडले."

"चला आई."

"थांब गं. ही एक ओळ राहिलीय."

वाचकहो, चमत्कार बघायला जाताना चपला खुशाल बाहेर काढा. रोजच्या कामाने हाताला दिलेली अक्कल मात्र त्यांच्याशेजारी ठेवू नका. चपला हरवल्या तर नव्या घेता येतात.