उजवा कौल

भिमाजीचं पत्र दिवाळीच्या आधी आलं होतं, आणि संक्रांत टळून गेली तरी अर्जुनरावांनी त्याला उत्तर घातलं नव्हतं. पत्रात वावगं काहीच नव्हतं. 'चाकणपलीकडची आपली सामाईक राई मोडून शेत काढायचा परवाना मामलेदार कचेरीतून मिळाला. सरकार म्हणतं, धान्य पिकवा. तुम्ही अर्धे हिस्सेदार. हरकत असेल तर लेखी कळवावी. न कळवल्यास हरकत नाही असं धरू.'

अर्जुनरावांचा जन्म चिंचवडच्या शाळेत मास्तरकी करण्यात गेला होता. उत्तर लिहायला बसले की त्यांना वाटायचं, आपण कोण सांगणार? आपण पेन्शन खातो. हा चुलतभाऊ घरभर तोंडं पोसतो. शेवटी त्यांनी गावाकडच्या एका माणसाबरोबर नुसता निरोप धाडला : राईतल्या भैरोबाला कौल लावा, देव म्हणेल तसं करू. देव आपली राई आपण राखील, अशी त्यांची खात्री होती. आणि वाईटपणा परस्पर देवाच्या माथी जाणार होता.

त्या कौलासाठी आज ते एस.टी.नं आले होते. राईत शिरून बघतात तो वखारवाल्याचे लाकूडतोडे आधीच येऊन बसले होते. कुऱ्हाडी ऐनाच्या झाडाला टेकवलेल्या. याच राईतली वाळकी काटकीसुद्धा वडिलांनी कधी कुणाला चुलीला नेऊ दिली नव्हती.

मारुती गुरवानं शेंदूर फासलेल्या दगडावर पाणी घातलं आणि दोन्ही खांद्यांवर एकेक ओलं फूल चिकटवलं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. सगळे उकिडवे बसून बघत राहिले. वारा नव्हता. डावं फूल जरासं घसरलं. अर्जुनराव पुढं झुकले. पण ते शेंदरात अडकून राहिलं, आणि उजवं टपकन खाली आलं.

"दिला! देवानं उजवा दिला!" गुरव ओरडला.

भिमाजीनं मुंडासं काढून जमिनीला कपाळ टेकलं. "दादा, कौल तुमीच मागितला व्हता. मग तोंड का पाडलं?"

लाकूडतोड्यांच्या मुकादमानं हात केला. पहिला घाव ऐनावर बसला. ओली ढलपी अर्जुनरावांच्या पायाशी येऊन पडली.

"थांबा," ते म्हणाले. कुणाला ऐकूच गेलं नाही. दुसरा घाव बसला. "थांबा म्हणतो ना!"

आपलाच आवाज ऐकून ते दचकले. कुऱ्हाड वरच्या वर राहिली.

"देवानं दिलं असेल," ते म्हणाले. "मी देत नाही."

गुरवानं जीभ चावली. "गुरुजी देवापरीस मोठं झालं की वो!"

भिमाजीची बायको छबूबाई पदर सावरत पुढं झाली. "भावजी, राग मानू नगा. तुमी शहरात बसून सावलीचं गुण गाता. ह्या झाडांनी आमच्या टोपल्यात कवा भाकर घातली?"

ती खरं बोलत होती. झाडांच्या फटीतून खाली नदीकाठचा मळा दिसत होता, काळाभोर. तो त्यांच्या एकट्याच्या वाट्याचा. भिमाजी कसायचा आणि निम्मी ज्वारी चिंचवडला पोचती व्हायची. पेन्शन अपुरी; त्या ज्वारीवरच त्यांचं आणि त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाईंचं वर्ष निघायचं.

"भिमा, माझा मळा तू घे. कायमचा. राईतला तुझा हिस्सा मला दे. मी झाड तोडणार नाही, तोडू देणार नाही."

भिमाजीनं खाली मळ्याकडे बघितलं. "आन तुमी खानार काय? राईतलं हिरडं?"

लाकूडतोडे हसले. अर्जुनरावही ओशाळून हसले. "बघू काहीतरी."

"तुमचं बोलनं वाऱ्यावरचं, दादा. साध्या पत्राला उत्तर न्हाई तुमचं. उद्या वैनी रडल्या की फिराल. लेखी द्या. आन हातात नगं, टपालानं येऊ द्या. शिक्क्याची तारीख कचेरीत चालती." मग तो मुकादमाकडे वळला. "बाजाराच्या दिसापतुर दम खा. तवर तुमच्या भाकरी माझ्याकडं. उत्तर आलं तर वाटंला लागा, न्हाई तर राई तुमची."

चाकणच्या पोस्टात अर्जुनरावांचा हात आधी पाकिटाकडे गेला. मग त्यांनी कार्ड मागितलं. कार्ड पोस्टमन वाचतो, त्याच्या तोंडून गाव वाचतं. मागं फिरायला वाट राहत नाही.

त्यांनी उभ्याउभ्याच लिहिलं. 'मळा कायमचा तुझा, राई माझी.' रुक्मिणीबाईंना विचारायला हवं होतं. घरी जावं, विचारावं, मग टाकावं? पण ते स्वतःला ओळखत होते. घरी गेलं की कार्ड टेबलावर पडून राहील, बाजाराचा दिवस उलटेल आणि ऐन आडवा होईल. एक वाक्य त्यांना सुधारावंसं वाटलं. बाहेर एस.टी.चा भोंगा वाजला.

पेटीच्या फटीत अर्धं गेलेलं कार्ड त्यांनी क्षणभर चिमटीत धरून ठेवलं. मग सोडलं. आत ते कुठल्याशा पाकिटावर पडल्याचा आवाज झाला. रुक्मिणीबाईंना कुठून सांगायला सुरुवात करावी हे मनात जुळवत ते एस.टी.कडे निघाले.