रिकाम्या हातांचा डोंगर

“अवं, डावीकडं वळ! तू उलटी जाऊन राहिली!”

बहरीनमधल्या हूरा भागात, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, एसीसमोर बनियनवर बसलेला दशरथ वानखडे फोनवर ओरडत होता. आणि तिकडे स्कॉटलंडात, एडिनबराच्या एका अरुंद दगडी गल्लीत त्याची बायको भागीरथा शांतपणे उजवीकडेच चालली होती. दशरथचा फोन स्पीकरवर होता आणि त्यावरच नकाशा उघडा होता. त्या नकाशात भागीरथा म्हणजे एक निळा ठिपका, आणि तो ठिपका दशरथचं मुळीच ऐकत नव्हता.

“इकडं पायरीवर मांजर बसून आहे. तिले पाहून येते,” भागीरथा म्हणाली.

“मांजर पाहाले गेली का तू इतक्या दूर?”

“कपडे बी वाळत घातले आहेत लोकायनं, गल्लीभर. पण ओलेच दिसतात बापा. आपल्या इथं दोरीवर टाकले की खलास, पापड! तुम्ही जेवले का? जेवून घ्या.” आणि फोन बंद.

दशरथ मुहर्रकच्या विमानतळावर एसीची यंत्रं सांभाळतो. लग्न झाल्यावर भागीरथा बहरीनला आली तेव्हापासून ती एकटी कुठे गेली असेल, तर कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमध्ये, दूध-अंडी आणायला. बाकी सगळीकडे दशरथची गाडी. माझ्या बायकोला कधी टॅक्सी करावी लागली नाही, हे तो पाहुण्यांना छाती फुगवून सांगायचा. पाहुणे मान डोलवायचे. भागीरथा चहा आणायला उठायची.

मुलगी मैत्री एडिनबराच्या दवाखान्यात नर्स झाली आणि तिनं दोघांनाही बोलावलं. दशरथची लीव्ह मंजूर झाली नाही. भागीरथा गेली. तिथल्या मुक्कामात एक दिवस असा निघाला, की मैत्रीला सकाळपासून रात्रीपर्यंत ड्युटी. त्या दिवशी मी एकटीच शहर पाहीन आणि तिथे शहरातच आहे तो डोंगर चढीन, असं भागीरथानं जायच्या आधीच जाहीर करून टाकलं होतं. दशरथनं ठणकावून नाही म्हटलं. बीपीची गोळी चालू, भाषा येत नाही, पाय घसरला म्हणजे?

“तुमाले माहीत आहे ना, परतवाड्याकडचा आमचा डोंगर मी किती बार चढली,” ती म्हणाली होती. “पण जाताना कुऱ्हाड अन् येताना मोळी. रिकाम्या हातानं डोंगर कसा लागते, ते मले एक बार पाहाचं आहे.”

 मग दशरथनं आपल्या परीनं मदत केली. म्हणजे एका पाठपिशवीत रेनकोट, थर्मास, गुडघ्याचा पट्टा, ग्लुकोज आणि बॅटरी असा ऐवज कोंबून ती पिशवी तिच्या बॅगेत घातली.

सराव कुठे करायचा, हा प्रश्न होता. बहरीन म्हणजे तव्यासारखं सपाट. शेवटी घराजवळचं बहुमजली पार्किंग सापडलं. थंडीतल्या संध्याकाळी भागीरथा बूट घालून त्याच्या रॅम्पवरून गाड्या चुकवत गच्चीपर्यंत चढायची. दशरथ तळमजल्यावर गाडीत गाणी ऐकत थांबायचा. चढून उतरायला एवढा वेळ कशाला लागतो, हे काही त्याला कळायचं नाही. कंटाळा आला की तो हॉर्न वाजवायचा. मग थोड्या वेळानं ती उतरताना दिसायची.

दुपार कलली तसा निळा ठिपका शहर सोडून डोंगराला लागला. भागीरथानं एक फोटो पाठवला. त्यात अर्धं आभाळ होतं आणि अर्धा तिचा अंगठा. दशरथनं तोही मोठा करून दोनदा पाहिला. ठिपका चढत होता, वळत होता, थबकत होता, पुन्हा चढत होता. दशरथचा चहा समोर निवून गेला.

आणि मग ठिपका थांबला तो हलेचना.

दशरथनं फोन केला. रिंग जाऊन जाऊन बंद झाली. पुन्हा केला, पुन्हा तेच. मैत्रीचा फोन बंद, ती वॉर्डात. बीपी वाढलं असेल. पाय मुरगळला असेल. मदत मागायला शब्द तरी येतील का तिला?  ही बाई नसेल तर आपलं काय, हा विचार आजवर त्याच्या मनाला शिवला नव्हता. तो आता आला आणि जाईना.

त्यानं शर्ट चढवला, गाडीची किल्ली घेतली आणि खाली धावला. जाणार कुठे होता? एडिनबराला काही गाडी जात नाही. पण बायको कुठे अडकली की दशरथ गाडी काढतो, हे इतक्या वर्षांचं ठरलेलं होतं. घराजवळच्या त्याच पार्किंगमध्ये तो गाडीत जाऊन बसला आणि सवयीनं हात हॉर्नवर गेला. तेव्हा मात्र त्याची त्यालाच लाज वाटली.

तो उतरला आणि भागीरथा चढायची तोच रॅम्प चढू लागला. पहिलं वळण झोकात गेलं. दुसऱ्याला घाम फुटला, तिसऱ्याला धाप लागली. गच्चीवर पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला होता. कठड्याजवळ गाड्या धुणारा रहिमतुल्ला बादली घेऊन उभा होता आणि बाजूला प्लॅस्टिकची एक खुर्ची होती.

“बैठिए साहब, बैठिए. मॅडम की कुर्सी है,” रहिमतुल्ला म्हणाला.

“मॅडम की?”

“मॅडम रोज यहीं बैठती थीं ना. चढके आती थीं, समुंदर देखती थीं. मैंने ही रख दी कुर्सी.” तो सरळपणे हसला. “नीचे आपका हॉर्न बजता, तो उठ जाती थीं.”

दशरथ खुर्चीत बसला. समोर समुद्र होता, पलीकडे मुहर्रक, आणि मावळत्या उजेडात विमान उतरत होतं. आपला विमानतळ इथून असा दिसतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं. भागीरथाला ठाऊक होतं. ती कधी बोलली नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यानं कधी विचारलंही नव्हतं.

फोन वाजला.

“अहो, किती फोन केले! फोनचा आवाज बंद राहिला होता माह्यावाला,” भागीरथा म्हणत होती. तिच्यामागे वारा घोंघावत होता. “काई झालं नाही मले. वर आली, अन् बसून राहिली नुसती.”

“पट्टा बांधला का गुडघ्याले?”

“पिशवी मैत्रीच्या घरीच ठेवली मी. रिकाम्या हातानं आली.” ती हसली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ती अशी हसायची. “इथून समुद्र बी दिसते, मैत्रीचे बाबा.”

दशरथनं समोरच्या समुद्राकडे पाहिलं. एवढ्यात खाली, पार्किंगच्या तोंडाशी, कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला आणि फोनमधून पलीकडेही ऐकू गेला.

“आली, आली,” भागीरथा लगबगीनं म्हणाली. “उठून राहिली.”

 ती तिथे, त्या डोंगराच्या माथ्यावर, खरोखरच उठून उभी राहिली असणार.

“मी नाही वाजवला तो,” तो कसाबसा म्हणाला. “मी वर आहे. तुह्या खुर्चीवर. तू बस.”



“कोणत्या खुर्चीवर?” तिनं हळूच विचारलं.

“रहिमतुल्लाच्या. बस तू. घाई नाही काई.”

ती बसली असावी. वारा जरा कमी झाला. फोन कुणीच ठेवला नाही. खालचा हॉर्न पुन्हा वाजला, तसा दशरथनं तळहातानं फोन झाकून धरला.