काळ्या टिकलीआडचा डोळा

मित्रांनो, मला पाहिल्यावर तुम्ही ‘जुना टॅब’ म्हणाल आणि ते खोटे ठरणार नाही. माझ्या काचेच्या कोपऱ्याला तडा गेला आहे. आवाजाचे बटण एकदा आत गेले की बाहेर यायला वेळ घेते. पण मी विद्यार्थ्यांच्या हातात देण्यासाठी विकत घेतलेला टॅब नव्हे. माझी पहिली नेमणूक झाली ती संशय घेण्यासाठी. हे विचित्र वाटेल, म्हणून क्रमाने सांगतो.

दूरच्या एका कारखान्यात, पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी माझी काच, बॅटरी आणि दोन कॅमेरे जोडले. कॅमेरे म्हणजे माझे डोळे. एक पुढे, एक पाठीवर. तेथून मी नागपूरच्या दक्षिणेला, बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत आलो. तिथल्या तपासणी विभागात खालून उजेड सोडलेल्या एका टेबलावरून कापड सरकत असे आणि मी पाठीच्या डोळ्याने त्याची छायाचित्रे घेत असे. तुटलेला धागा, तेलाचा डाग, विणीतली गाठ, काहीही माझ्या नजरेतून सुटत नसे. जे कापड अगदी निर्दोष दिसे, त्याचाच मला अधिक संशय येई. साहेब माझी स्तुती करत. कामगार मात्र मला पाहून बोलता बोलता थांबत. कारण माझ्या चित्रात दोष सापडला, की त्या मागावरच्या माणसाला बोलावणे येई.

पुढे गिरणीने यंत्रांवरच नवे कॅमेरे बसवले आणि मला कपाटात ठेवले. कपाटात काळ कसा गेला, ते सांगण्यासारखे नाही. बॅटरी उतरली की यंत्राला दिवस कळत नाहीत. मग एकदा मालकांनी ठरवले, की जुने टॅब कामगारांच्या शाळकरी मुलांना द्यावेत. नारळ फुटला, टाळ्या झाल्या आणि मी रेक्झिनच्या कव्हरात बंद होऊन रुपरावांच्या हाती पडलो.

रुपराव त्याच गिरणीत मागावर काम करतात. बुटीबोरीतच दोन खोल्यांत पत्नी कौसल्याबाई आणि नववीत शिकणारी मुलगी अपेक्षा यांच्यासह राहतात. घरी येताच त्यांनी मला तापलेले भांडे ठेवावे तसे टेबलावर ठेवले.

“हा त्योच होय,” ते म्हणाले. “माहा डाग धरणारा. आता घरापर्यंत पाठवला.”

“अवो, पोरीच्या अभ्यासासाठी देला ना?” कौसल्याबाई म्हणाल्या.

“फुकट कोणी काही देते काय? थे लोक चहात साखर टाकताना दहा वेळा इचार करते. सायबाचा माणूस आहे हा. याच्यासमोर गिरणीच्या गोष्टी करू नोको.”

मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असतो, तर हेच म्हणालो असतो.

अपेक्षाला मात्र माझ्याविषयी काहीच शंका नव्हती. तिने मला सुरू केले, पुढचा डोळा उघडला आणि आईसमोर धरले. “आई, पाय ना, तू दिसून राहिली!” कौसल्याबाईंनी काचेत स्वतःचा चेहरा पाहिला, पदर सावरला आणि पहिल्यांदा हसल्या. दुसऱ्याच क्षणी त्यांचे हसू मावळले. “म्हणजे हा बी मले पाहून राहिला?”

त्यांच्या धास्तीला कारण होते. शेजारच्या घरची सून मयुरा हिने एका नातलगाच्या लग्नात काढून मोबाइलवरून पाठवलेला स्वतःचा फोटो कुणा अनोळखी माणसाने उचलला होता आणि तो कुठल्याशा वधूवर मंडळाच्या जाहिरातीत भलत्याच नावाने झळकला होता. मयुराचे तर लग्न होऊन वर्ष झाले होते. तिच्या सासरी त्यावरून जे महाभारत घडले, ते या घराच्या भिंतीपलीकडूनच ऐकू आले होते. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी अपेक्षा शाळेत गेल्यावर कौसल्याबाईंनी काळ्या टिकल्यांचे पाकीट काढले, त्यातली नेमकी मापाची टिकली निवडली आणि माझ्या पुढच्या डोळ्यावर चिकटवली. माझी चौकट काळी, टिकली काळी. कुणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते. पाठीचा डोळा तर कव्हरातच मिटलेला होता. त्या दिवसापासून मी या घरात केवळ कानांनी राहिलो.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. अपेक्षाच्या शाळेने ‘अभ्यासअंगण’ नावाचा एक ऑनलाइन शिक्षणमंच सुरू केला होता. त्यावर विज्ञानाचे पाठ होते, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एक चाचणी होती. त्या चाचणीतून निवडलेल्या मुलांना नागपूरच्या एका तंत्रमहाविद्यालयात सुटीतली कार्यशाळा मिळणार होती. तिथे विजेची मोटर पूर्ण उघडून, तिचे वेटोळे स्वतः गुंडाळून ती पुन्हा जोडायची होती. अपेक्षाने घरातला बंद पडलेला मिक्सर दोनदा उघडला होता. तो चालू झाला नव्हता, पण त्यात काय असते ते तिला ठाऊक झाले होते. तिला ही कार्यशाळा हवीच होती. मात्र शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत मंचावर नोंदणी झाली नाही, तर चाचणी नाही आणि चाचणी नाही तर कार्यशाळा नाही.

शनिवारी दुपारी ती मला घेऊन बसली. मंचाने प्रथम तिला विचारले, की ती यंत्र तर नाही ना. आणि पुरावा म्हणून बसगाड्यांची चित्रे ओळखायला सांगितली.

“म्हणजे यंत्रच इचारते, का तू यंत्र आहे काय?” कौसल्याबाई कणीक मळता मळता म्हणाल्या. “चोरानं कोतवालाले इचारावं तसं झालं हे तं.”

मग रुपरावांच्या मोबाइलवर सांकेतिक अंक आले. ते खाटेवर बसले होते.

“बाबा, आकडे सांगा जी लवकर.”

“नाही सांगाचे. त्याच्यातच लिहिलं आहे, कोणालेच सांगू नका म्हणून.”

“मी कोणी आहे काय?”

“तू कोणी नाही वं. पण ‘पोरगी सोडून’ असं कुठी लिहिलं आहे, दाखव मले.”

शेवटी त्यांनी मला स्वतःकडे ओढले, सगळ्यांकडे पाठ केली आणि एकेक अंक स्वतः दाबला. तोवर अंकांची मुदत संपली होती. दुसऱ्यांदा आले, तेव्हा ते जमले.

त्यानंतर पडद्यावर एक वर्तुळ उमटले. ‘आपला चेहरा वर्तुळात आणा.’ अपेक्षाने केस नीट केले आणि समोर बसली. वर्तुळ काळेच राहिले. तिने मला खिडकीपाशी नेले, बंद करून पुन्हा चालू केले, कव्हरावरूनच पाठीवर थापट्या मारल्या. प्रत्येक वेळी एकच उत्तर आले, ‘चेहरा दिसत नाही.’

“पयल्या दिवशी तं दिसत होतं!” तिचा आवाज चिरकला.

“बिघडलेलाच मारला आपल्या गळ्यात,” रुपराव म्हणाले. “सोमवारी परत नेऊन देतो. सायबाच्या टेबलावर आपटतो.”

मित्रांनो, माझी त्या वेळची अवस्था काय सांगू! माझ्यात काडीचाही बिघाड नव्हता. पण जे विचारले जाते तेवढेच सांगता येते, आणि टिकलीविषयी मला कुणी विचारतच नव्हते. कणीक मळण्याचा आवाज थांबल्याचे मला ऐकू आले. कौसल्याबाईंना आता कळले होते. तरी त्या बोलल्या नाहीत. डोळा झाकलेला आहे तोवर मुलगी सुरक्षित आहे, असे त्यांना वाटत असावे. त्या मूकपणातही माया होती, याविषयी मला शंका नाही. पण पलीकडे घड्याळ चालत होते.

अपेक्षा रडली नाही. तिने मला हळूच टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “राहू द्या बाबा. दुसऱ्या कोणाले तरी भेटंल माही जागा.”

हे ऐकल्यावर कौसल्याबाई पुढे आल्या. “बिघडला नाही तो. मी झाकला थ्याचा डोळा. मयुरासारखं तुह्यासोबत नोको व्हाले म्हणून.”

खाट करकरली आणि रुपरावांचा आवाज आला, “बराबर केलं तुनं.”

“बराबर केलं?” अपेक्षा उसळली. “मंग मी शिकू नोको काय? दोघंबी झाकून ठेवा मले, कपाटात!”

कौसल्याबाईंनी पिठाचे हात पुसले, मोबाइल घेतला आणि शाळेतल्या विज्ञानाच्या गोपिका मॅडमना फोन लावला.

“मॅडम, मी अपेक्षाची आई बोलते. मले सांगा, पोरीचं तोंड काहून पाहिजे तुमाले?”

“ताई, चाचणीला तीच बसली आहे ना, एवढंच पडताळायला. कोणी दुसऱ्याच्या नावानं बसू नये म्हणून.”

“मंग थो फोटो ठेवते कोण? कवापर्यंत?”

मग मॅडम म्हणाल्या, “खरं सांगू ताई? हे मी विचारलंच नाही. आम्हाला म्हणाले ‘हो’ दाबा, आम्ही दाबत गेलो. थांबा, विचारून लगेच फोन करते.”

“लगेच करा बरं. पोरीचा जीव टांगला आहे इथं.”

फोन येईपर्यंतचा वेळ या घरात फार सावकाश गेला. रुपराव खाटेवरून उठून दारात उभे राहिले, पुन्हा येऊन बसले. अखेर फोन वाजला. फोटो शाळेच्याच खात्यात राहील आणि निकालानंतर तो काढून टाकला जाईल, असे मुख्याध्यापिकांनी सांगितले होते. आणि मॅडमनी आपण होऊन पुढचे सांगितले, “ताई, तो मंच तुमच्या फोनमधले सगळे नंबर मागेल, तुम्ही कुठं राहता ते मागेल. दोन्हीला ‘नाही’ दाबा. मी आत्ताच माझ्या मोबाइलवर करून पाहिलं. काही अडत नाही. कॅमेऱ्याला मात्र ‘फक्त वापरताना’ असं आहे, तेवढं दाबा.”

कौसल्याबाईंनी नखाने टिकली काढली. तिचा डिंक डोळ्यावर राहिला, म्हणून पदराच्या टोकाने पुसला, आणि कितीतरी दिवसांनी मी ते घर पाहिले. अपेक्षाचा चेहरा समोर होता, आणि तिच्या खांद्याला खांदा लावून तिची आई. वर्तुळ लाल झाले. ‘चौकटीत एकच चेहरा असावा.’

“माय आहे मी तिची!” कौसल्याबाई मला रागावून म्हणाल्या.

“आई, थ्याले नाही समजत थे. सरक जरा.”

त्या थोड्या सरकल्या. त्यांचा कान अजून चौकटीत होता. पुन्हा लाल. सहा वाजत आले होते. “आणखी सरक ना वं आई!” मग त्या उठल्या आणि शेगडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथून त्यांना पडदा दिसत नव्हता आणि मला त्या दिसत नव्हत्या. माझ्यासमोर एकटी अपेक्षा होती. ती एकदा बाजूला, आईकडे पाहून घेई आणि पुन्हा माझ्याकडे बघे. वर्तुळ हिरवे झाले. पडद्यावर अक्षरे उमटली, ‘स्वागत आहे, अपेक्षा.’

“झालं?” शेगडीपासून आवाज आला.

“झालं!”

“मंग बंद कर थ्याले आधी,” रुपराव म्हणाले. पण ते स्वतःच वाकून ती अक्षरे पुन्हा एकदा वाचत होते.

चाचणी झाली आणि अपेक्षाची निवडही झाली. आज ती त्या कार्यशाळेला गेली आहे. तिथे टॅब आणायचा नाही, अशी सूचना आहे. म्हणूनच मला तुमच्याशी बोलायला सवड मिळाली. कौसल्याबाई तिच्याबरोबर गेल्या आहेत. वर्गात त्यांना बसता येणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे. त्या डबा घेऊन महाविद्यालयाच्या फाटकाशी, झाडाखाली बसणार आहेत.

मित्रांनो, माझी काळजी कशी घ्यावी ते तुम्हाला शाळेत सांगतीलच. चार्जिंग चालू असताना मला पांघरुणात गुंडाळू नका, ओल्या फडक्याने पुसू नका. हे सारे मी मान्य करतो. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती मी सांगतो. मी टिपलेले चित्र माझ्यातून एकदा बाहेर पडले, की पुढे कुठे जाते ते मलाही दिसत नाही. शाळेने शब्द दिला आहे, तो पाळला जाईल असे मी मानतो. तरी आता निकाल लागला आहे, तो फोटो खरेच काढून टाकला का हे अपेक्षाने मॅडमना विचारावे, असे मला वाटते. तेव्हा नव्या मंचावर पहिले पाऊल टाकताना घरातले मोठे माणूस शेजारी बसवा. त्याला यंत्रातले काही कळत नसले तरी चालेल, ‘काहून?’, ‘कशासाठी?’ एवढे विचारता आले म्हणजे पुरे. उत्तर मिळेपर्यंत ‘हो’ दाबू नका, आणि भीतीपोटी दार कायमचे लावूनही घेऊ नका. प्रश्न विचारलेला चांगल्या यंत्राला खपतो. ज्याला खपत नाही, त्याच्यासमोर आपला चेहरा धरू नका.