पंच क्रमांक दोन

"माझं त्वांड नक्की दिसायचं न्हाई ना?" सोपानने तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही काका. मागे दिवा आहे, नुसती सावली दिसेल. आवाजही बदलू," अनिमेष कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाला.

अनिमेष आणि पियूष लवळ्याच्या कॉलेजातले. मुंबईतल्या पोलिसांच्या भ्रष्टाचारावर माहितीपट करत होते. साहेब लोकांनी दारातूनच परत पाठवलं. शेवटी बोलायला तयार झाला तो तिथल्या एका चौकीजवळचा जुना चहावाला सोपान, आता टपरी सोडून गावी परतलेला, आणि त्याच्यासाठी दोघं रिहे गावातल्या या दोन खोल्यांत भर दुपारी दारं लावून घामाघूम होत होते. दाराला टेकून सोपानची मुलगी नम्रता उभी होती. पोलीस भरतीच्या यादीत तिचं नाव लागलं होतं, चारित्र्याची पडताळणी अजून व्हायची होती. तीन वर्षं पहाटे उठून रस्त्याने धावली होती पोर. चेहरा दिसणार नसेल तरच बोला, असं तिने बापाला बजावलं होतं.

सोपान बोलू लागला.

"चौकीच्या भिंतीला लागून माझी टपरी. बावीस वर्सं. झडतीत काय घावलं की दोन पंच लागत्यात, साक्षीला. सायेब हाक मारायचा, सोपान, ये रे, सही कर. एक पानवाला, दुसरा मी. कागदावर लिवल्यालं आसायचं, आमच्या समक्ष घावलं म्हून. आमी कवा कायबी बगितलं न्हाई."

"मग सही का करायचात?"

"टपरी उठवली आसती. पाण्यात राहून माशाशी वैर कोन करणार?"

मग तो विश्रामवर आला. विश्राम हमाल होता, रोज सकाळी टपरीवर यायचा. त्याला बिनसाखरेचा चहा लागे. गर्दीत तो ग्लास ओळखू यावा म्हणून सोपान त्याच्यावर एक टोस्ट आडवा ठेवायचा. साऱ्या टपरीत तसा ग्लास विश्रामचा एकट्याचा.

"त्याच्या पिशवीत गांजा घावला म्हनं. माझ्यासमक्ष. मी तवा भजी तळत हुतो. कोर्टात इचारलं, मी व्हय म्हनलो. त्यो नुस्ता बगत हुता माझ्याकडं. साडेचार वर्सं आत गेला."

"आता कुठे असतात ते?"

"ठावं न्हाई. पर तुमचा पिच्चर बगील कुटंतरी."

त्याला एवढंच हवं होतं. विश्रामने ऐकावं, की सोपान खोटं बोलला होता आणि आता तसं कबूल करतोय.

शूटिंग संपलं. पियूषने संमतीचा कागद पुढे केला. "काका, नीट वाचून मग..." त्याचं वाक्य संपायच्या आत सोपानने खाली दोन जागी सह्या ठोकल्या होत्या. जित्याची खोड. नम्रताने कागद ओढून घेतला आणि वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

"आबा, ह्यात नाव आन् चेहरा दाखवायला हरकत न्हाई आसं लिवलंय."

"सॉरी, तो नेहमीचा फॉर्म आला," पियूष ओशाळून म्हणाला. त्याने तो फाडला आणि बॅगेतून दुसरा काढला, नुसती सावली दाखवायचा.

सोपान हाताकडे बघत बसला. त्याला स्वतःची लाज वाटली. मग त्याने चष्मा मागितला आणि ओळीवर बोट ठेवून सगळा कागद वाचला. आयुष्यात पहिल्यांदाच. कुणी घाई केली नाही.

"म्हंजी विश्रामला कळायचं न्हाई, ह्यो मीच म्हून."

"नाही काका. कुणालाच नाही कळणार," अनिमेष म्हणाला.

सोपानने नम्रताकडे पाहिलं. दारात तिचे धावायचे बूट होते, टाचेकडे पार झिजलेले. त्याने सावकाश सही केली, सावलीच्या कागदावर.

मग तो गुडघ्यावर हात टेकून उठला, आत जाऊन त्याने चहा टाकला. साखरेच्या डब्याला हात लावला नाही. ग्लास आणून त्याने जमिनीवर कॅमेऱ्यासमोर ठेवला.

"हात दिसलं तर चालतं का?"

"चालतं."

"मंग ह्ये घ्या पिच्चरमदी."

"हे कशासाठी, काका?"

सोपान डब्यात टोस्ट शोधू लागला. नम्रता आत गेली, फळीवरचा पुडा फोडून एक टोस्ट घेऊन आली आणि बापाच्या हातात दिला. त्याने तो ग्लासाच्या तोंडावर आडवा ठेवला, जरा सरळ केला आणि हात मागे घेतला.

अनिमेषने कॅमेरा चालू केला. वाफेने टोस्ट मधोमध हळूहळू मऊ पडत गेला. सोपान वाकून बसला होता, तो चहा कुणी उचलेल याची वाट बघत.