ओकच्या रानातला धडा

‘आता गप्प राहा. सुतारपक्षी ऐकू येईल,’ असं सांगून टेपमधला आवाज थांबला होता, आणि पुढची शांतता कुणालाच सोसवेना. उतारावर नुसते खुंट. भुसा अजून ओला होता.

“बाई, दोरा कुठं बांधू?” कातिंकानं विचारलं.

मार्चभर मनगटावर मिरवलेला लाल-पांढरा दोरा महिनाअखेरीस आपापल्या झाडाला बांधायचा, ही गावाची रीत. शाळेच्या सावेताबाईंनी धडा रचला तो या रीतीभोवतीच. तीन वसंतांपूर्वी याच ओकांखाली त्यांनी तो ध्वनिमुद्रित केला. आवाज वनरक्षक ग्रिगोरेचा, कातिंकाच्या बापाचा.

“खुंटाला गुंडाळ की,” इलिए म्हणाला. “आजोबांच्या टकलाला मुंडासं!”

मुलं हसली, हसू लगेच विरलं. उतार चढून ग्रिगोरे येत होता. कमरेला शिक्क्याची हातोडी.

“बंद करा ते, बाई. उगाच पोरांना रडवताय.”

“मी रडवतेय?” ज्याला त्यांनी मुळाक्षरं गिरवायला शिकवली, त्याच्याकडे बाई पाहत राहिल्या. “तोडीचा शिक्का प्रत्येक बुंध्यावर तू ठोकलास. रान किडलंय म्हणून सही तू केलीस. लाज नाही वाटली रे?”

“वरून सांगणं आलं. नाही म्हणालो असतो तर दुसऱ्यानं ठोकला असता.”

“मग ठोकू द्यायचा होता दुसऱ्याला! उद्या चौकशीवाले येतायत. रान निरोगी होतं, एवढंच बोल. वरच्या उतारावरची झाडं तरी वाचतील.”

“आणि माझी नोकरी? पाया पडतो बाई, ती टेप पुसून टाका.”

बाईंचा हात यंत्राकडे गेला नाही. टेपमध्ये सुतारपक्ष्यानं टकटक केली. जमीनदोस्त झालेल्या त्या रानाचा श्वास क्षणभर उघड्या उतारावरून वाहिला, आणि ग्रिगोरेचा आवाज, तीन वर्षांनी तरुण, निःशंक, म्हणाला :

“ऐकलंत? या रानात एक झाड किडकं नाही. सगळी ठणठणीत! आता सांगा पोरांनो, हे रान राखणार कोण?”

पुढची रिकामी जागा उत्तरासाठी सोडलेली होती. दर वर्षी मुलं तिथं ‘आम्ही!’ म्हणून ओरडत. आज एकही ओठ हलला नाही. टेप नुसती फिरत राहिली.

कातिंकानं दोऱ्याची मूठ बापापुढे धरली.

“तू सांग ना, बाबा.”

ग्रिगोरेनं हातोडी कोटाआड सारली आणि खुंट चुकवत तो उतार उतरू लागला.