दुसरी वाटी

पुडीला बोलता येत नव्हतं, त्यामुळे ती कधी खोटं बोलली असं तिच्याबद्दल कुणाला म्हणता येणार नाही. पण तोंडातून शब्द न काढता माणसांना कसं गुंडाळायचं, हे तिला लहानपणीच जमलं होतं. आज त्याच हुशारीची तिला लाज वाटते. मांजरांना लाज वाटते यावर ज्यांचा विश्वास नसेल, त्यांनी सकाळी साडेसातला त्या घराच्या स्वयंपाकघरात येऊन तिचं तोंड बघावं.

घर दुकानाच्या वर होतं. खाली औषधांचं दुकान, वर तीन खोल्या आणि मधे चौदा पायऱ्यांचा लाकडी जिना. दुकानात गोळीकाका बसायचे. हे नाव गल्लीतल्या मुलांनी ठेवलेलं. घरात मुलगा आणि सून त्यांना बाबा म्हणत. सहा वर्षांपूर्वी दुकानाच्या मागच्या दाराशी, रिकाम्या खोक्यात एक ओलं पिल्लू सापडलं. काकांनी ते पांढऱ्या कागदात गुंडाळून वर आणलं. सून म्हणाली, "बाबा, ही कसली पुडी आणलीत आता?" झालं, बारसं उरकलं.

तेव्हापासून पुडीचा दिवस ठरलेला. सकाळचं ऊन खिडकीत येई तेव्हा खिडकीत, ते सरकलं की पलंगावर, आणि दहा वाजले की खाली दुकानात, काउंटरच्या टोकाला. तिथे बसून ती काकांचं काम बघत असे. काकांचं काम म्हणजे बघण्यासारखंच होतं. चिठ्ठीवरचं औषध काढायचं, नाव मोठ्याने वाचायचं, पिशवीत टाकायचं आणि मगच चिठ्ठीवर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करायची. आधी खूण आणि मग औषध असं त्यांनी शेहेचाळीस वर्षांत एकदाही केलं नव्हतं. मुलालाही त्यांनी तेच शिकवलं होतं. "शंका आली की हात थांबवायचा," ते म्हणायचे. "गिऱ्हाईक खोळंबलं तर खोळंबू दे. शिव्या घालेल फार तर."

पुडीची न्याहारीही त्याच शिस्तीत व्हायची. काका साडेपाचला उठत. खोकल्याच्या औषधाबरोबर मिळतं ते छोटं माप त्यांनी तिच्यासाठी ठेवलं होतं. त्याने तीन मापं दूध, त्यात पाव कुस्करून. पुडीने वाटी चाटून पुसून लख्ख केली की काका ती लगेच साबणाने धूत, फडक्याने कोरडी करत, जागेवर ठेवत. माप धुऊन पालथं घालत. वापरलेलं भांडं तसंच ठेवणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने गुन्हाच. मग ते आंघोळीला जात.

साडेसातला सूनबाई उठून स्वयंपाकघरात येई. एके दिवशी तिच्या पायांत घुटमळताना पुडीने सहज एक बारीकसा आवाज काढला. सूनबाईने कोरड्या वाटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, तुला अजून कुणी काही दिलंच नाही?" आणि वाटी भरली, मापबीप न लावता, काठोकाठ.

आता अशा वेळी पुडीने काय करायचं होतं? नको म्हणायचं होतं? ती मांजर होती, संत नव्हती. तिने दुसरी वाटीही फस्त केली. दुसऱ्या दिवशी तोच आवाज तिने जरा घोळवून काढला, मधेच तुटेल असा. आठवड्याभरात तो इतका बेमालूम झाला की स्वतःचा आवाज ऐकून तिला स्वतःचीच दया यायची.

कितीतरी महिने हे असंच चाललं. मग एका सकाळी सूनबाई सहज म्हणाली, "बाबा, मांजरीला द्यायचं विसरलात वाटतं."

"नाही गं. दिलं की सकाळीच."

"मग ही अशी जीव गेल्यासारखी का ओरडतेय? वाटी तर कोरडी ठणठणीत आहे."

"वाटी मी धुतली."

"ते कालचं आठवत असेल तुम्हाला."

काकांनी वळून पुडीकडे पाहिलं. खरं काय ते माहीत असलेलं त्या घरात दुसरं कोण होतं? पुडीने त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि तोच आवाज काढला. इतर कशाहीपेक्षा ही एक गोष्ट तिला आता जास्त खाते. त्या वेळी मात्र तिचं सगळं लक्ष दुधाच्या पिशवीकडे होतं.

त्यानंतर घरात काकांच्या विसरण्यावर नजर राहू लागली. चष्मा वर राहिला, बघा विसरले. छत्री दुकानात राहिली, बघा, परत. मुलगा तर आठवड्यातून दोनदा मोबाइल विसरायचा, पण तो बेचाळीस वर्षांचा असल्यामुळे ते विसरणं कुणी मोजणीत धरत नव्हतं. सूनबाई वाईट नव्हती हो. रात्रीच्या जेवणानंतर ती सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी स्वतः हातावर ठेवायची. तिला खरोखरच काळजी वाटत होती, आणि काळजी करणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही.

काकांनी आपल्या परीने उपाय केला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ते लाल पेन्सिलीने खूण करू लागले. आधी दूध, मग खूण. चार दिवस खुणा झाल्या, त्या कुणाच्या लक्षात आल्या नाहीत. पाचव्या दिवशी सूनबाई कॅलेंडरपाशी आली, पायांशी पुडी गळा काढत होतीच. सूनबाईने नवऱ्याला हाक मारली. मुलगा दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून आला.

"बाबा," तो हळू आवाजात म्हणाला, "खूण केलीय, पण दिलेलं नाही."

काका एकदम खुर्चीवर बसले. विसरणं त्यांनी कदाचित सोसलं असतं. पण खूण आहे आणि औषध दिलेलं नाही, या एकाच गोष्टीला ते जन्मभर भीत आले होते. याच कारणावरून त्यांनी एका हुशार मदतनिसाला एका दिवसात घरी पाठवलं होतं, आणि त्याच्या बापाने येऊन हातापाया पडल्यावरही परत घेतलं नव्हतं.

"आज मांजर आहे," काका म्हणाले. "उद्या कुणाची म्हातारी असेल. कुणाचं तान्हं असेल."

"बाबा, तसं काही नाही. तुम्ही नुसते बसा ना दुकानात. औषधं मी काढतो."

"शंका आली की हात थांबवायचा," काका म्हणाले. त्यांनी खुंटीवरचा, दुकानात घालायचा पांढरा कोट काढला, नीट घडी घातली आणि सुनेच्या हातात दिला.

पुडी एव्हाना फ्रिजवर चढून पंजा चाटत होती. तिने चाटणं थांबवलं. आपल्या आवाजाचा आणि त्या कोटाचा काय संबंध आहे, हे तिला त्या क्षणी कळलं. उशिरा कळलं, पण पुरतं कळलं.

काका खिडकीशी बसू लागले. पुडीचं ऊन आणि त्यांची खुर्ची एकाच जागी आल्यामुळे ती त्यांच्या मांडीवर असायची. खालून दुकानाची घंटी वाजली की काकांचे पाय आपोआप हलत, मग थांबत. कुणीतरी आजी खालून विचारायची, "गोळीकाका दिसत नाहीत हल्ली?" आणि मुलगा सांगायचा, "त्यांना आता आराम दिलाय." हे वर स्पष्ट ऐकू यायचं. काका पुडीच्या कानामागे खाजवत म्हणायचे, "ऐकलंस का? आराम दिलाय आपल्याला."

पुडीने तो आवाज कायमचा टाकून दिला. पण त्याचा काही उपयोग नव्हता, कारण मांजरीचं काम आता काकांकडे राहिलंच नव्हतं. सूनबाई साडेसातला एक वाटी द्यायची, एकदाच. पुडी निमूट खायची आणि बाजूला व्हायची. सूनबाई म्हणाली, "बघा, वेळेवर मिळालं की कशी शहाण्यासारखी वागते." काका हसले, आणि त्या हसण्याने पुडीच्या काळजात कळ उठली. पुन्हा एकदा, फक्त एकदा त्यांनी मला द्यावं, असं तिला वाटायचं. मी खाईन, गप्प बसेन, आणि सगळ्यांना दिसेल.

तशी सकाळ आलीही. सूनबाईची कंबर धरली होती, ती पलंगावर पडून होती. मुलगा लवकरच खाली गेला होता. काका स्वयंपाकघरात आले, कपाटात डब्यांच्या मागे हात घालून त्यांनी ते छोटं माप शोधून काढलं. एक, दोन, तीन. पाव कुस्करला. पुडीने वाटी चाटून लख्ख केली. काकांनी वाटी धुतली, पुसली, माप पालथं घातलं. कितीतरी दिवसांनी ते शीळ घालत होते.

आतून सूनबाईने हाक मारली. "बाबा, पुडीला दिलंत का हो?"

पुडी वाटीशेजारी ताठ बसली. तोंडातून हूं की चूं काढलं नाही. मिशांना अजून दूध लागलेलं होतं, ते तिने मुद्दाम चाटलं नाही. 'सांगा,' ती मनात म्हणत होती, 'दिलं म्हणून सांगा.'

काकांनी तोंड उघडलं. मग त्यांनी वाटीकडे पाहिलं. वाटी कोरडी होती. पालथ्या मापाकडे पाहिलं. त्यांचा हात कॅलेंडरकडे गेला, पण पेन्सिल कधीपासूनच तिथे नव्हती. त्यांना चष्म्याशिवाय तिच्या मिशांवरचं दूध काही दिसत नव्हतं.

"नसेल दिलं," ते म्हणाले. "विसरलो बहुतेक. देतो हं."

आणि त्यांनी पुन्हा तीन मापं ओतली.

पुडी वाटीपासून मागे सरली. काका गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत खाली बसले. त्यांनी वाटी तिच्याजवळ ढकलली. ती आणखी मागे सरली.

"रागावलीस?" काका म्हणाले. "उशीर झाला म्हणून? अगं, म्हातारा झालो मी. तू तरी रागावू नकोस."

त्यांचा आवाज तुटला. पुडीने जो आवाज मेहनतीने बसवला होता, तसाच तो होता, फक्त हा खरा होता. तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. खाल्लं नाही तर ती रागावली असं त्यांना वाटणार. खाल्लं तर ते विसरले हे पक्कं होणार. तिसरं काही करायला माणसाची जीभ लागते, आणि ती तिच्याकडे नव्हती.

तिने मान खाली घातली आणि खायला सुरुवात केली. पोट भरलेलं असताना खाणं तिला कधी जड गेलं नव्हतं. आज गेलं, तरी तिने वाटी संपवली.

दाराच्या चौकटीला धरून, कंबर वाकडी करत सूनबाई येऊन उभी होती. "बघा, कशी तुटून पडलीय. उपाशीच होती बिचारी."

"हो ना," काका म्हणाले. "बरं झालं तू विचारलंस."

ते उठले आणि वाटी पुन्हा धुवायला घेतली.